लहानपणी भुलीशिवाय शिंगे जाळलेल्या कालवडीला मोठेपणी जास्त दुखते का?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाचा आहे. त्यांच्या घरच्या तीन होल्स्टीन संकरित कालवडी यंदा पहिल्यांदा व्यायल्या. तिघींची शिंगे आठ-दहा दिवसांच्या असताना चुलीत तापवलेल्या सळईने जाळली होती, भूल वगैरे काही न देता. आता दोघी सुई बघितली की खोड्यात उड्या मारतात आणि तिसरी सडाला हात लावू देत नाही. बाजारातून आणलेली चौथी पहिलारू मात्र शांत आहे. लहानपणीच्या त्या चटक्यामुळे या गाईंना आता सगळेच जास्त दुखते का, असे ते विचारतात. शिवाय गोठ्यात दोन नव्या वासऱ्या आहेत. त्यांची शिंगे लवकरात लवकर काढलेली बरी, की थोडे थांबावे?

भाऊ, आधी उत्तर सांगतो. लवकर शिंगे काढली की जखम लहान होते. दुखणे लहान होत नाही. कोवळ्या वयात भुलीशिवाय झालेला घाव पुढच्या वेदनेवर परिणाम करू शकतो, याला चांगला आधार आहे. म्हणून "किती दिवसांची" हा प्रश्न दुसरा, "भूल दिली का" हा पहिला. पण तुमच्या गाई आज लाथा मारतात त्याचे खापर लगेच सळईवर फोडू नका. तिथे आधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या पुढे सांगतो.

आपल्याकडे शिंगे जाळणारा माणूस अगदी सहज म्हणतो, "दोन रोजनं वासरू, त्याले काय समजस!" त्याला एकट्याला हसण्यात अर्थ नाही. माणसांच्या डॉक्टरांचेही १९८०च्या दशकापर्यंत हेच चालले होते. नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना नीट कळत नाही, असे मानून शस्त्रक्रियाही अपुऱ्या भुलीवर व्हायच्या. ते चुकीचे असल्याचे दाखवणाऱ्यांत कंवलजीत आनंद हे नाव पुढे आहे. सातपुडा ओलांडला की इंदूर, तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकलेला हा माणूस. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी केलेला अभ्यास १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण, ते न मिळालेल्या बाळांपेक्षा बराच कमी होता.

कच्ची मज्जासंस्था म्हणजे बधिर मज्जासंस्था नव्हे, उलट ती जास्त उघडी असते. कातडीतून आलेला दुखण्याचा निरोप मज्जारज्जूत पोचतो, तिथून मेंदूकडे जातो. मोठ्या जनावरात मेंदूकडून खाली येणारे मार्ग हा निरोप काही प्रमाणात दाबून धरतात. झुंजणाऱ्या बैलाला शिंग लागून रक्त आले तरी तो थांबत नाही, त्यामागे हेच दाबणे असते. नवजात पिल्लात हा लगाम अजून पुरता बसलेला नसतो. अशा वेळी मोठा घाव झाला, आठवडाभर सूज राहिली, की मज्जारज्जूतल्या पेशी जाग्या होतात आणि त्यांतल्या काही पुढेही अर्धवट जाग्याच राहतात. मज्जारज्जूत राखणीचे काम करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात, त्यांचा यात मोठा भाग असल्याचे लंडनमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले आहे. तिथे मारिया फिट्झगेराल्ड आणि सुएलेन वॉकर यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांच्या पायाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत छोटी चीर दिली. मोठेपणी त्याच पायाला पुन्हा चीर दिली, तेव्हा पहिल्यांदाच चीर बसलेल्या उंदरांपेक्षा त्यांना जास्त दुखले आणि जास्त दिवस दुखले.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि गोठ्यात तीच कामाची आहे. लहानपणी इजा झालेल्या जनावराला रोजचा स्पर्श, हलका दाब, नेहमीची हाताळणी जास्त दुखेलच असे नाही. काही प्रयोगांत तर अशा प्राण्यांची रोजची संवेदना थोडी बोथटच आढळली. फरक दिसतो तो नवी इजा झाली की. गोठ्याच्या भाषेत सांगायचे तर अशी कालवड एरवी इतरांसारखीच वाटेल, पण कासदाह झाला, खुरात खडा रुतला, वेताच्या वेळी फाटले, की तिला इतरांपेक्षा जास्त आणि जास्त दिवस दुखू शकते. मानेवर थोपटून "हिला काही होत नाही" असा निर्वाळा देता येत नाही, तो यामुळेच.

माणसांवरचा सगळ्यात सरळ पुरावा टोरांटोचा आहे. ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये मांडला. जन्मल्यावर सुंता झालेल्या मुलांना चौथ्या-सहाव्या महिन्यात लस टोचली, तेव्हा ती सुंता न झालेल्या मुलांपेक्षा जास्त रडली. ज्यांना सुंतेआधी बधिर करणारे मलम लावले होते, ती मुले या दोघांच्या मध्ये होती. उंदरांवरही तेच दिसले. घावाच्या वेळी त्या पायाची नस बधिर ठेवली तर पुढचा परिणाम टळला. मला यातले सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. घाव झाला यापेक्षा तो मज्जारज्जूपर्यंत पोचू दिला का, यावर पुढचे बरेच ठरते.

उंदीर आणि वासरू यांत फरक आहे, तो झाकू नये. उंदराचे पिल्लू डोळे मिटलेले, केस नसलेले जन्मते. वासरू तासाभरात उभे राहून सड शोधते. म्हणजे जन्मताना वासराची मज्जासंस्था उंदराच्या पिल्लापेक्षा बरीच पुढे गेलेली असते, आणि उंदराचा पहिला आठवडा वासराच्या पहिल्या आठवड्यावर तसाच्या तसा बसवता येत नाही. त्यामुळे मी मेंढ्यांकडे जास्त बघतो, कारण कोकरूही वासरासारखेच तयार जन्मते. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१० साली एका दिवसाच्या आणि दहा दिवसांच्या कोकरांचे खच्चीकरण करून, काही आठवड्यांनी शेपटी कापताना त्यांची वागणूक पाहिली. पहिल्याच दिवशी खच्ची केलेल्यांनी शेपटीच्या वेळी जास्त वेदना दाखवली. "जितके लवकर तितके बरे" या समजुतीला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

गाईंवर असे थेट माग काढणारे प्रयोग, म्हणजे वासरपणी डाग आणि दुभतेपणी वेदना, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण शिंगकळी, म्हणजे जिथून शिंग फुटते ती कोवळी गाठ, जाळल्यानंतरचे दुखणे किती लांबते, यावर चांगले काम झाले आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पशुवैद्यकांनी एक आठवड्याच्या आणि चार आठवड्यांच्या वासरांचा काही महिने पाठपुरावा केला, आणि एक तृतीयांशाहून जास्त वासरांत जुनाट वेदनेची लक्षणे आढळली. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे दिसले की जाळलेली जागा पुरती भरून यायला सहा ते नऊ आठवडे लागतात आणि तोवर ती दुखरी राहते. तिथलाच दुसरा एक प्रयोग मला आवडतो. शिंगकळ्या जाळून तीन आठवडे झालेल्या वासरांना आवारातल्या एका जागी ठेवून नस बधिर करणारे इंजेक्शन दिले, दुसऱ्या जागी ठेवले तेव्हा ते दिले नाही. नंतर मोकळे सोडल्यावर वासरे जिथे आराम मिळाला होता ती जागा निवडू लागली. आपण तर तिसऱ्या दिवशी वासरू दूध पिते, उड्या मारते, म्हणून विषय संपवतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला २०१३ सालचा प्रयोग आणखी वेगळा. वासरांना शिकवले होते की एका रंगाच्या पडद्याकडे गेले की दूध मिळते, दुसऱ्याकडे गेले की नाही. शिंगे जाळल्यावर मधल्या, धड इकडचा ना तिकडचा अशा रंगाकडे ती कमी जाऊ लागली. जणू काही चांगले मिळेल ही आशाच कमी झाली.

आता तुमच्या गाईंकडे येऊ. लाथ मारणारी गाय दिसली की तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : आत्ता काही दुखते आहे, पूर्वीची भीती आहे, की एकूण संवेदनाच तीव्र आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही. खोड्यात नको, दावणीवर गाय चारा खात असताना, तिच्या ओळखीच्या माणसाने हात लावायचा. आधी मान, मग खांदा, बरगड्या, मांडी, मग कास. अंगठ्याने हळूहळू दाब वाढवायचा. हात लागायच्या आधीच अंग चोरते का, की हात लागल्यावर? एकाच जागी, की सगळीकडे? सुई, खोडा, विशिष्ट माणूस किंवा सफेद कोट दिसला की बिथरते आणि एरवी हात लावू देते, तर ती आठवण आहे. एकच सड, एकच पाय दुखरा, तर तिथे आजार शोधा. सगळीकडे, ओळखीच्या हातालाही आणि हात लागल्यानंतरच अंग आक्रसत असेल, तरच तीव्र झालेल्या संवेदनेचा विचार करायचा. तेव्हाही आधी पाय बघायचा. लंगड्या गाईंवर ब्रिस्टॉल येथे १९९०च्या दशकात झालेल्या कामात दिसले की लंगडेपणामुळे गाईची दाब सहन करण्याची शक्ती कमी होते, आणि उपचारानंतर चार आठवड्यांनीही ती पुरती परतलेली नसते. सिमेंटचा ओला गोठा, वाढलेली खुरे आणि व्यायल्यानंतरचे पहिले तीन महिने, एवढे पुरेसे असते.

तुमच्या वर्णनावरून दोघींची सुईची भीती मला आठवणीतली वाटते. तिची कारणे शोधायला सळईपर्यंत जावे लागत नाही. कानात बारा अंकी बिल्ला ठोकलेला असतो, लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, कालवडीला चौथ्या ते आठव्या महिन्यात ब्रुसेलाची लस. २०२२ साली रावेरकडून लम्पी पसरली तेव्हा सगळ्या खान्देशात घाईघाईने लसीकरण झाले. या सगळ्यात जनावर दोरीने आवळून, चार जणांनी दाबून धरलेले असते. लाळ्या-खुरकुताची लस तेलातली असते, टोचल्यावर ठणकते. गाय ते विसरत नाही, माणसेही वेगळी ओळखते. १९९९ साली रशेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाईट वागवणारा माणूस नुसता शेजारी उभा असला तरी गाय पान्हा पुरता सोडत नाही आणि कासेत दूध मागे राहते. घाबरलेल्या गाईच्या अंगात ॲड्रिनॅलिन वाढते, ते पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडवते. मग लोक ऑक्सिटोसिनच टोचतात. म्हणजे सुईला घाबरणाऱ्या गाईला रोज दोनदा सुई!

तिसरी, सडाला हात लावू न देणारी, तिची आज संध्याकाळीच कासदाहाची चाचणी करा. चारही सडांची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या, गाठी दिसतात का बघा, सडाच्या टोकाला भेगा किंवा पुरळ आहे का बघा. पहिलारूच्या कासेला व्यायल्यानंतर सूज असतेच, ती पंधरा दिवसांत उतरायला हवी. आजार निघाला तर उपचाराबरोबर मेलोक्झिकॅम हे वेदनाशामकही डॉक्टरांकडून मागून घ्या. वेदना कमी केली की लाथही कमी होते. मागचे पाय करकचून बांधून दूध काढणे हा उपाय नव्हे, त्याने उद्याची लाथ पक्की होते.

चौथीचे शांतपण कशाचाही पुरावा धरू नका. तिचे लहानपण तुम्हाला माहीत नाही, कदाचित तिचीही शिंगे कुणीतरी जाळलीच असतील. स्वभाव रक्तातही असतो.

आता नव्या वासऱ्या. शिंगे काढायलाच हवीत का, हे आधी ठरवा. गीर, खिल्लार, निमाडी जनावरांची किंवा जाफराबादी म्हशीची शिंगे काढायला मी कुणाला सांगत नाही. तिथे शिंग ही जातीची खूण आहे, बाजारात भाव त्यावर ठरतो आणि पोळ्याला रंगवायलाही ते लागते. मुक्त संचार गोठ्यात दहा-पंधरा संकरित गाई एकत्र फिरत असतील तर मात्र शिंगांनी कासा फाटतात, पोटे भोसकली जातात, तिथे काढलेली बरी. चार गाई कायम दावणीला असतील तर काढली नाहीत तरी चालते. तुमचा गोठा मुक्त असावा असे धरून पुढचे सांगतो.

साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगकळी कातडीत मोकळी असते. नंतर ती कवटीला धरते, आतली पोकळी शिंगात शिरते, आणि मग ते काम शिंगकळी जाळण्याचे राहत नाही, शस्त्रक्रिया होते. तेव्हा दोन महिन्यांच्या आत, हे नक्की. पण पहिल्या आठवड्यात घाई करायचेही कारण नाही. वासराचे पहिले दोन-तीन आठवडे हगवणीचे आणि नाळ पिकण्याचे असतात, कळीही हाताला नीट लागत नाही. मी तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात करतो. त्याच आठवड्यात दूध तोडणे, बिल्ला, लस यांतले काहीही नको. हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत वासरू आधीच धापा टाकत असते.

भुलीचे काम डॉक्टरांनीच करायचे, पण ते काय करतात हे तुम्हाला माहीत असावे, म्हणजे कुणी गाळले तर विचारता येईल. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगकळी यांच्या मधोमध कपाळाच्या हाडाची एक कड हाताला लागते. त्या कडेखालून शिंगाची नस जाते. तिथे दोन टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध, एका बाजूला साधारण पाच मिली. चाळीस किलोच्या वासराला दोन्ही बाजू मिळून दहा मिलीच्या वर जाऊ नये. बाटली हातात धरून कोमट केली तर टोचताना कमी झोंबते. मग दहा मिनिटे थांबायचे. ही दहा मिनिटेच सगळ्यात जास्त चोरली जातात, कारण डॉक्टरांना पुढच्या गावाला जायचे असते आणि मालकाला शेतात. कळीभोवती सुई टोचून बघायचे, वासरू हलले नाही तरच लोखंड लावायचे.

लिग्नोकेनचा असर दीड-दोन तासांत उतरतो, आणि खरे ठणकणे तेव्हा सुरू होते. म्हणून लोखंड लावायच्या आधीच मेलोक्झिकॅम द्यायचे, किलोला अर्धा मिलिग्रॅम. चाळीस किलोच्या वासरीला वीस मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून चार मिली. बाजारात वीस मिलिग्रॅमचीही बाटली मिळते, त्यातून एकच मिली, तेव्हा लेबल वाचा. गाईवर्गात हे औषध अंगात बराच वेळ टिकते, एका मात्रेत दोन दिवस निघतात. जखमेची सूज जास्त दिसली तर पुढच्या मात्रेचे डॉक्टर ठरवतील. कपाटात डायक्लोफेनॅक हे जुने वेदनाशामक पडले असेल तर ते वापरू नका. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात. मेलोक्झिकॅममुळे तसे होत नाही.

चुलीतली सळई नको. तिचे तापमान कळत नाही, टोक बोथट असते, कळीचा मधला भाग जळतो आणि कडेची वाढणारी कातडी राहून जाते. मग वाकडे, खुरटे शिंग फुटते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. विजेवर तापणारे, मधे खोलगट टोक असलेले यंत्र वापरावे. तांब्याच्या रंगाचे पूर्ण कडे दिसले की थांबायचे, त्यापुढे दाबून धरले तर खालचे हाड भाजते. कॉस्टिकची पेस्ट सोपी वाटते, पण ती तासन्‌तास जाळत राहते. पावसात डोळ्यात उतरते आणि वासरू आईला पाजायला सोडले तर कासेला लागते. आपल्याकडे वासरे आईलाच पितात, त्यामुळे मी पेस्ट सुचवत नाही. लोखंडाने केले तर मात्र लगेच आईला पिऊ द्या.

हाच विचार वेसण, खच्चीकरण आणि डागणीला लावा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. त्याखाली २०२३ साली आलेल्या नियमांनी शिंगे काढणे, खच्चीकरण ही कामे नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून आणि भूल देऊनच करायला सांगितले आहे, आणि जिवंत कातडीवर डाग देऊन खुणा करण्यास मनाई केली आहे. गोऱ्ह्याचे खच्चीकरण आपल्याकडे दोन-अडीच वर्षांचा झाल्यावर चिमट्याने करतात, तिथेही नस बधिर करता येते. पोटफुगीला किंवा लंगडण्याला डागणी देण्याबद्दल माझे मत सरळ आहे. तिने आजार बरा होत नाही. जुने दुखणे असलेल्या जनावराला नवे दुखणे मात्र मिळते.

तुमच्या तिघी आता मोठ्या झाल्या आहेत, झाले ते पुसता येणार नाही. करता येते ते इतकेच की प्रत्येक नवे दुखणे लवकर पकडायचे आणि वेदनाशामकाला कंजूषी करायची नाही. पुढच्या वेताआधी तीन-चार आठवडे रोज दोन मिनिटे कासेला हात लावायची सवय करा, त्याच वेळी थोडी पेंड समोर ठेवा. इंजेक्शन धारेच्या जागी कधीच देऊ नका, आणि देणारा माणूस धार काढणारा नसावा. सुई दर जनावराला नवी. त्या दोघींची खुरे लसीच्या पुढच्या फेरीच्या किमान महिनाभर आधी कापून घ्या, आणि कासदाहाच्या चाचणीत काय निघाले ते कळवा, सडाचे औषध त्यावर ठरेल.